हिरुभाऊंचा उलटा आटा

हिरुभाऊ ठाकुरांचं वाक्य एकदा सुरू झालं की पुरं झाल्याशिवाय थांबत नाही. मग मध्ये फोन वाजो, बस सुटो, नाहीतर अंगावर पाल पडो. सकाळी आमच्या कंपनीची बस गडबच्या थांब्यावर येते, तेव्हा हे गृहस्थ एक पाय बसच्या पायरीवर आणि दुसरा रस्त्यावर ठेवून चहाच्या टपरीवाल्याला काहीतरी समजावून सांगत असतात. आमचा ड्रायव्हर हॉर्न मारतो, मागचा ट्रेलर आमच्या ड्रायव्हरवर हॉर्न मारतो. हिरुभाऊ शांतपणे हाताचा पंजा वर करतात, वाक्य संपवतात आणि मग दुसरा पाय आत घेतात. एकदा मी वैतागून ओरडले, "अहो, उरलेलं संध्याकाळी सांगा त्याला!" तर तो पंजा माझ्याकडे वळला.

"पास चालू हाय, ताई."

हे उत्तर कळायचं तर आमचा धंदा थोडा कळायला हवा. आमचा कारखाना धाटावला. केमिकल कंपन्यांना लागणारे व्हॉल्व्हचे दांडे, स्टड, नट असलं सामान आम्ही बनवतो. मी पेणची. ज्या गावात गल्लोगल्ली गणपतीचे डोळे रेखले जातात, तिथली बाई रोज रोह्याच्या पुढे जाऊन स्क्रूचे आटे तपासते, याचं माझ्या सासूबाईंना अजून नवल वाटतं. मी तपासणी विभागात आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा मला पगार मिळतो. घरी तेच काम मी फुकट करते.

हिरुभाऊ सीएनसी लेथवर. म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने दांडा गरगर फिरवून कापणारं मशीन. किती वेगाने फिरायचं, कुठून कुठपर्यंत जायचं, किती खोल कापायचं, हे सगळं आकड्यांत लिहून मशीनला सांगायचं आणि बटण दाबायचं. आता, दांड्यावरचे आटे काही एका दमात पडत नाहीत. कापणारं टूल त्याच वाटेने पुन्हा पुन्हा जातं आणि दर खेपेला केसभर जास्त खोल जातं. त्या एकेका खेपेला पास म्हणतात. आणि आट्याचा पास चालू असताना तुम्ही थांबण्याचं बटण दाबलंत तरी मशीन थांबत नाही. हातातला पास पुरा करतं, टूल बाहेर घेतं आणि मगच थांबतं. मध्येच थांबलं तर आटाही जाईल आणि टूलही. मशीन माणसाकडून शिकतं असं लोक म्हणतात. आमच्याकडे माणूस मशीनकडून शिकला आणि त्याचा त्रास अख्ख्या बसला झाला.

शेवटचा पास हिरुभाऊंचा लाडका. त्यात टूल आणखी खोल जात नाही. आधीच्या वाटेवरूनच एकदा नुसतं फिरून येतं. कापताना धातू जरासा अंग चोरतो, तो या खेपेला ठिकाणावर येतो आणि आटा गुळगुळीत होतो. याला इंग्रजी नाव आहे, पण हिरुभाऊ त्याला "मायेचा हात" म्हणतात. "कापून झालं, आता मायेचा हात," असं मशीनला सांगतात आणि मशीन ऐकतं. जेवण झाल्यावर रिकाम्या डब्यातून बोट फिरवतात, तोही मायेचा हात. आमच्या ड्रायव्हरला भरपूर बोलून झाल्यावर उतरताना त्याच्या खांद्यावर थाप मारतात, तोही मायेचाच हात. त्या थापेमुळे ड्रायव्हर त्यांना अजून गडबला सोडून गेलेला नाही.

पण या सगळ्यावर कडी म्हणजे त्यांची हवेतली तालीम.

नवीन प्रोग्रॅम लिहिला की हिरुभाऊ तो आधी हवेत चालवतात. टूल जॉबपासून, म्हणजे कापायच्या तुकड्यापासून, लांब ठेवायचं आणि सगळा प्रोग्रॅम नुसताच चालवून बघायचा. टूल रिकाम्या जागेत येतं जातं, काही कापत नाही. कुठे धडकणार असेल तर ते आधीच कळतं. सगळेच चांगले कारागीर असं करतात. फक्त बाकीचे ते मशीनवर करतात. हिरुभाऊ सगळीकडे करतात. बँकेत सही करण्यापूर्वी कागदाच्या वर, हवेत सही करून बघतात. मुलाच्या लग्नात व्याहीभेटीला व्याही हात पसरून उभा राहिला, तर यांनी आधी हवेला मिठी मारली, डावा खांदा की उजवा ते पाहून घेतलं आणि मग व्याह्यांना जवळ घेतलं. तोवर व्याह्यांचे हात दुखायला लागले होते.

रजा मागायची असली की हे हात धुवायच्या नळाशी उभं राहून आधी भिंतीकडे रजा मागतात. हातवारे, चेहरा, खाली मान, सगळं साग्रसंगीत. आमच्या सुर्वेसाहेबांचं उत्तरही स्वतःच देतात, आणि भिंतीवरचे साहेब दर वेळी नाहीच म्हणतात. त्यामुळे खऱ्या साहेबांनी पहिल्या फटक्यात "जा की" म्हटलं तर यांचा फार गोंधळ होतो. पुढची विनवणी पाठ केलेली असते, ती कुठे ठेवायची ते कळत नाही. मग ते ती तशीच पूर्ण करतात. पास चालू असतो.

असा हा माणूस. पण त्यांची खरी ओळख आम्हाला होती ती त्यांच्या डब्यावरून, आणि डबा म्हणजे सुगंधावहिनी.

वालाचं बिरडं, सुकटीची चटणी, कोलंबीचं लोणचं. वहिनी नवऱ्याला डबा देताना बसमधल्या निम्म्या लोकांचा हिशोब धरून देत. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की गडबला त्यांच्या शेतात आमची पोपटी ठरलेली, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगांची मेजवानी. त्या दिवशी वहिनींचा थाट बघण्यासारखा असे. पदर खोचून स्वयंपाकघरात उभ्या. मांडणीवर डबे नि बरण्या ओळीने, आणि त्यांना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मी एकदा आगाऊपणे हळदीचा डबा उचलला, तर माझ्या हातावर चापटी बसली होती. "मागा, मी देते," म्हणाल्या. "माझ्या घरात कोनी हाताने घेत नाय."

मागच्या वर्षी वहिनींना अर्धांगाचा झटका आला. हलका होता. आम्हाला कळलं ते डबा यायचा बंद झाला तेव्हा. हिरुभाऊ कंपनीच्या कँटीनमध्ये जेवायला लागले आणि "तिला जरा बरं नाय" यापलीकडे बोलेनात. ज्या माणसाची वाक्यं आवरता आवरत नाहीत, त्याने एवढ्यावर थांबावं हे मला खटकत होतं.

मग एका सकाळी ते माझ्या शेजारी येऊन बसले. गडबला एक वाक्य सुरू केलं, ते नागोठणं मागे पडल्यावर संपलं.

"ताई, ती चालते, बोलते, डाक्टर म्हनतो नशीब समजा, आनि मी समजतो, पन उजव्या हाताची बोटं मिटत नाय, मिठाची बरनी हातातून सुटून फुटली आनि त्या दिवसापास्नं ती सैपाकघरात पाय टाकत नाय, कारन परतेक झाकनाला सुनेला सांगावं लागतं, 'जरा उघडून दे गो', आनि सून बिचारी धावत येते, तिचं काय नाय, पन जिच्याकडं सगलं गाव मागायचं तिला मागावं लागलं की तिचं तोंड एवढंसं होतं, मग ती ओटीवर बसते, हायवेच्या गाड्या बघते, मी घरी जातो तवा दिवा असतो, टीवी असतो, सून असते, सगलं असतं, ताई, पन घरात कोन नाय असं वाटतं."

बस खड्ड्यांतून चालली होती आणि हिरुभाऊ समोरच्या सीटचा दांडा घट्ट धरून बसले होते. मग म्हणाले, "कंपनीत बोलू नका. हाताची गोष्ट कोनाला कललेली तिला आवडनार नाय."

मी शब्द दिला. हिरुभाऊंना एकच हवं होतं, वहिनी परत स्वयंपाकघरात जायला हव्या. त्यांनी वहिनींना विनवून पाहिलं, डॉक्टरकडून सांगवलं, चिडूनही पाहिलं. चिडण्यापूर्वी गोठ्यात जाऊन तालीमही केली असणार. वहिनी आपल्या ओटीवर. "माझा आता काय उपेग," म्हणायच्या आणि रस्त्याकडे बघायच्या.

काही दिवसांनी हिरुभाऊ सुर्वेसाहेबांकडे गेले आणि स्टेनलेसचे उरलेले तुकडे मागितले. जेवणाच्या सुट्टीत मशीनवर घरचं काहीतरी करायचं म्हणाले.

"काय करायचंय?"

"झाकना."

"कसली झाकणं?"

"डब्यांची."

साहेब हसले आणि घ्या म्हणाले. सुर्वेसाहेब माणूस सज्जन. फक्त त्यांना शांत झोप लागत नाही, कारण माल वेळेवर जाईल की नाही ही चिंता त्यांना माल वेळेवर गेल्यानंतरही असते.

मग सुट्टीत आम्ही जेवत असताना हिरुभाऊंचं मशीन चालू दिसायला लागलं. एक बोट उगारून ते आकडे टाइप करायचे, प्रत्येक ओळ पोथी वाचल्यासारखी मोठ्याने वाचायचे, मग हवेत तालीम, मग खरं काम. एके दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर दोन वस्तू आणून ठेवल्या. एक स्टीलचं कडं, बाहेरून आटे पाडलेलं, आणि त्यावर बसणारं झाकण, आतून आटे पाडलेलं. कडं डब्याच्या तोंडाला पक्कं चिकटवायचं आणि झाकण त्यावर फिरवायचं, असा बेत. आटे जाड, कडा गोल केलेल्या, बोटाला टोचू नये म्हणून. काम असं देखणं होतं की हातात घेऊन बसावं.

"जरा बघा, ताई," म्हणाले आणि बाजूला उभे राहिले.

मी झाकण कड्यावर ठेवलं आणि फिरवलं. बसेना. पुन्हा फिरवलं. आट्याला आटा लागेचना. मग मी डोळ्यांजवळ धरून पाहिलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो हिरुभाऊ, हा उलटा पडलाय!"

तपासणीतल्या माणसाचा आवाज मोठा असतो. जेवत बसलेल्या सगळ्यांनी माना वर केल्या.

जगातला जवळजवळ प्रत्येक आटा उजवीकडे फिरवला की बसतो आणि डावीकडे फिरवला की सुटतो. नळ असो, बाटली असो, नाहीतर आमचे व्हॉल्व्हचे दांडे. दांडा पकडून फिरवणारा चक कोणत्या बाजूला फिरतोय आणि टूल कुठून कुठे चाललंय याचा मेळ चुकला, तर आटा पडतो झकास, पण उलटा. ही शिकाऊ माणसाची चूक. कामाला लागल्यावर प्रत्येकाकडून एकदा होते आणि पुढे वर्षभर त्याला त्यावरून चिडवतात. हिरुभाऊंकडून ती कधीच झाली नव्हती, आणि म्हणून सगळे तिची वाटच पाहत होते.

काय हशा पिकला! कुणी टाळी दिली, कुणी म्हणालं, "भाऊ, हवेत सरळ पडला होता काय?" हिरुभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. पंजा वर केला. "ताई, ते मी..." म्हणाले.

आणि थांबले. पंजा खाली घेतला, कडं नि झाकण उचललं, हातरुमालात गुंडाळलं आणि आपल्या मशीनकडे गेले.

मी त्यांना ओळखायला लागल्यापासून पहिल्यांदाच त्यांचं वाक्य अर्धं राहिलं होतं. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण मला वाटलं, बिचाऱ्याचं घरच्या काळजीने कामात लक्ष नाही. वाईट वाटलं आणि मी माझ्या डब्यातली भाजी संपवली.

गोष्ट तिथे संपली नाही. दुसऱ्या दिवशी सुट्टीत त्यांनी आणखी एक झाकण केलं. तेही उलटं. तिसरं उलटं. लोकांचं हसू हळूहळू कमी झालं आणि कुजबुज वाढली. चूक एकदा झाली तर गंमत असते. तीच रोज कोण करतं? कुणी म्हणालं वय झालं, कुणी म्हणालं डोळे तपासायला हवेत. सुर्वेसाहेबांची तर झोपच उडाली. लांबलचक आट्यांच्या दांड्यांची मोठी ऑर्डर हातात होती आणि ती हिरुभाऊंच्या मशीनवर चढायची होती. साहेबांनी त्यांना बोलावून, शक्य तितक्या गोड शब्दांत सांगितलं की यापुढे त्यांचा प्रत्येक प्रोग्रॅम बाजूच्या मशीनवरचा माणूस तपासेल आणि मगच बटण दाबायचं.

मला ऐकूनच कसंतरी झालं. हिरुभाऊ मात्र "बरं हाय" म्हणाले. बाजूचा माणूस तपासत असताना हात मागे बांधून उभे राहायचे. त्याची चूक काढायची नाही, त्याला घाई करायची नाही. आणि सुट्टी झाली की पुन्हा आपली उलटी झाकणं करायला लागायचे. मी एकदा बसमध्ये विचारलं, "हिरुभाऊ, सगळं ठीक आहे ना?" तर म्हणाले, "मिठाचं झालं, मसाल्याचं झालं. ओव्याचं र्‍हायलंय." मी पुढे विचारलं नाही. माणसाचं डोकं फिरलंय अशी शंका आली की आपण जरा जास्तच अदबीने वागतो.

मग थंडी पडली. वालाच्या शेंगा भरल्या, आणि हिरुभाऊंनी बसमध्ये उभं राहून जाहीर केलं की शनिवारी संध्याकाळी गडबला पोपटी आहे. मला खरं वाटेना. पोपटी म्हणजे वहिनी, आणि वहिनी तर ओटीवर. "वहिनींना त्रास होईल," मी हळूच म्हटलं. ते म्हणाले, "या तर खरं."

गेलो. सुर्वेसाहेब रोह्याहून स्कूटरवर आले. मळ्यात मडकं तयार होतं, मडक्यात घालायचा भांबुर्डीचा पाला काढून ठेवलेला, शेंगा धुतलेल्या, अंडी आणि बटाटे टोपलीत. हिरुभाऊंचा मुलगा डोलवीहून शिफ्ट संपवून आला होता आणि पेंढा रचत होता. ओटीवर वहिनींची खुर्ची होती. रिकामी. मी मनात म्हटलं, आत निजल्या असतील.

मडकं भरायला जाडं मीठ आणि ओवा हवा होता. साहेबांना उगाच उत्साह. "मी आणतो," म्हणत ते स्वयंपाकघरात शिरले. मीही मागोमाग गेले. मांडणीवर डबे तसेच ओळीने, आणि प्रत्येक डब्याच्या डोक्यावर ते चकचकीत स्टीलचं झाकण. साहेबांनी मिठाचा डबा काखेत धरला आणि झाकण फिरवलं. हलेना. जोर लावला. झाकण आणखी आवळलं. चष्मा नाकावर घसरला, मान लाल झाली, आणि व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्याचा साहेब मिठाच्या डब्याशी झुंजत उभा राहिला.

मला अर्थातच ठाऊक होतं. ती झाकणं मी हातात घेऊन पाहिली होती. आणि तो डबा, ते झाकण, तो डावीकडे फिरवून बसणारा आटा एकत्र पाहिल्यावर एवढ्या दिवसांनी माझ्या डोक्यात उजेड पडला. उजव्या हाताने उघडणाऱ्याला जसं आपलं नेहमीचं झाकण सोयीचं, तसं हे डाव्या हाताला. वहिनींचा डावा हात चांगला होता. मी पुढे होऊन म्हणाले, "अहो साहेब, तो उलटा..."

कोपराने कुणीतरी मला ढोसलं. प्रणाली होती, हिरुभाऊंची सून. गंभीर चेहऱ्याने हळूच म्हणाली, "ताई, आईंना हाक मारा."

"अगं, पण मला येतं उघडता."

"मला नाही येत," प्रणाली म्हणाली. "ह्यांना नाही येत. बाबांना पण नाही येत. आमच्या घरात कोणालाच उघडत नाही."

मुलगी पदवीधर, संगणकाचा कोर्स केलेली. एवढ्या दिवसांत तिला डबा कसा उघडायचा ते समजू नये, हे मला जरा जास्तच वाटलं. मी तिच्याकडे पाहिलं. तिने नजर वळवली नाही. मग माझं वाक्यही मी अर्धंच सोडलं आणि जोरात हाक मारली, "वहिनी! अहो, हे मीठ उघडत नाही!"

वहिनी मागच्या दाराने आल्या. पाय जरा ओढत, पण पदर खोचलेला. शेंगा निवडत बसल्या होत्या. साहेबांच्या हातातून डबा घेतला, ओट्यावर टेकवला, डाव्या हाताची बोटं झाकणावर ठेवली आणि सहज वळवली. झाकण सुटलं.

"एवढं शिकलात नि मिठाचा डबा उघडत नाय?" त्या साहेबांना म्हणाल्या. "माझ्या डाव्या हातासाठी केलेत ह्यांनी. उजवा माझा मेलाय ना."

जी गोष्ट कंपनीत कुणाला कळू नये म्हणून हिरुभाऊंनी उभ्या कारखान्याचं हसू सोसलं, ती वहिनींनी मीठ काढता काढता सांगून टाकली. साहेब हातात मीठ घेऊन तसेच उभे राहिले. मग बाहेर मळ्यात गेले. हिरुभाऊ मडक्यात पाला पसरत होते.

"ठाकूर, तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?"

हिरुभाऊंनी पाल्याने भरलेला पंजा वर केला. "पास चालू होता, सायेब."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "सोमवारपासून तुमचे प्रोग्रॅम कुणी तपासायचे नाहीत."

"तपासू दे की. तपासलेलं बरं असतं," हिरुभाऊ म्हणाले आणि शेंगांचा थर लावायला लागले.

त्यानंतर त्या घरात जो गलका झाला तो मी विसरणार नाही. "वहिनी, ओवा!" "आई, मसाला!" "वहिनी, साखर कशात आहे?" प्रत्येकाला काहीतरी हवं होतं आणि प्रत्येक गोष्ट झाकणाखाली होती. वहिनी सगळ्यांना फैलावर घेत होत्या. कुणाला एवढा मसाला कशाला म्हणून, कुणाला चमचा ओला का म्हणून. मी मुद्दाम हळदीच्या डब्याला हात लावला, तर हातावर चापटी बसली. डाव्या हाताची होती, पण चांगली लागली. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. ते मी धुरावर ढकललं, पण पोपटी अजून पेटलीही नव्हती.

मग मडकं उलटं ठेवलं, भोवती पेंढा नि काटक्या पेटवल्या. शिजलं की नाही यावर नेहमीप्रमाणे वाद झाला. मडक्यावर पाणी शिंपडून बघायचं, चर्रकन उडालं की झालं. अंधार पडायच्या सुमाराला आम्ही पाल्याच्या वासाच्या गरम शेंगा सोलत बसलो. वहिनी मध्यभागी खुर्चीवर, हातात ताट. त्यांचं मात्र एक मागणं असायचं, वरून पेरायला थोडं तिखट. "जरा आना हो," त्या म्हणाल्या, आणि हिरुभाऊ उठले.

मला पाणी हवं होतं म्हणून मीही थोड्या वेळाने घराकडे गेले. मागच्या दारातून पाहते तर हिरुभाऊ स्वयंपाकघरात एकटेच उभे. तिखटाचा डबा मांडणीवर तसाच होता, त्याला त्यांनी हात लावला नव्हता. हात हवेत होते. डाव्या हातात नसलेला डबा धरलेला, उजवा हात नसलेल्या झाकणावर, आणि ते झाकण फिरवत होते. चुकीच्या बाजूला. एकदा फिरवलं, चेहऱ्यावर जोर आणला, पुटपुटले, "नाय उघडत." पसंत पडलं नसावं. पुन्हा फिरवलं, या वेळी भुवया जास्त आवळल्या, थोडा दम लागल्यासारखं केलं. "अगो, नाय उघडत." हे जमलं. मान हलवली.

ज्या माणसाने हे आटे स्वतःच्या हाताने पाडले, कुठल्या बाजूला किती फिरतं ते ज्याला झोपेतही सांगता येईल, तो आपल्याला ते उघडता येत नाही याची तालीम करत होता. मी दारातच थांबले. पाण्याचं विसरले.

मग त्यांनी खरा डबा उचलला, मळ्याकडच्या खिडकीशी गेले आणि मोठ्याने हाक मारली, "अगो सुगंधा! तिखटाचा नाय उघडत!"

बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पाय ओढत, ताट कुणाच्या तरी हाती देत वहिनी निघाल्या होत्या, आणि त्यांचा आवाज त्यांच्या आधी घरात पोचला.

"आले, आले. जोर नका लावू, आटे मोडाल."